जुनी ९११ एससी, आयडलला थरथरते आणि फटके मारते: मिक्श्चर स्क्रूला हात लावायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. १९८२ ची पोर्शे ९११ एससी, तीन लिटर, काही वर्षं झाकून उभी होती. बाहेर काढल्यावर प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर, फ्युएल फिल्टर नवीन टाकले. थंड असताना सुरू करताना इनटेकमधून एकदोनदा फटका येतो, मग कशीबशी चालते, गरम झाल्यावर आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरतं ती गती) ६०० ते ११०० आरपीएममधे वरखाली होत राहतं आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागे सायलेन्सरमधे फटफट आवाज येतो. कुणीतरी सांगितलं म्हणून मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवला, फरक पडला नाही, आता इंजेक्टर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर मागवायच्या विचारात आहात.

तर पहिली गोष्ट, काहीही मागवू नका. आणि तो स्क्रू ज्या दिशेला फिरवला ते आठवत असेल तर तितकाच उलटा फिरवून जागेवर आणा. के-जेट्रॉनिकमधे, म्हणजे या गाडीच्या पेट्रोल इंजेक्शन सिस्टममधे, अर्धा फेरा म्हणजे फार झालं, तिथे ॲलन की जराशी सरकवली तरी सीओ (एक्झॉस्टमधलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण) बदलतो. आठवत नसेल तर राहू द्या, शेवटी सेट करूच, पण मधल्या काळात त्याला परत हात नको, नाहीतर तुमच्या प्रत्येक टेस्टचा पाया हलत राहील आणि कशामुळे काय झालं हे कधीच कळणार नाही.

आता ही सिस्टम काय आहे ते थोडक्यात, कारण हे डोक्यात बसलं की अर्धं डायग्नोसिस आपोआप होतं. बॉशची के-जेट्रॉनिक १९७३ मधे आली आणि एससीच्या सगळ्या वर्षांत, म्हणजे १९७८ ते १९८३, हीच आहे. इंजेक्टर इथे उघडबंद होत नाहीत, इंजिन चालू असेपर्यंत सतत फवारत राहतात. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढी एक गोल सेन्सर प्लेट हलते, ती प्लेट एका लिव्हरने फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर वर ढकलते आणि तेवढं पेट्रोल सहाही इंजेक्टरना जातं. प्लंजरच्या डोक्यावर उलट दाब असतो, त्याला कंट्रोल प्रेशर म्हणतात, तो वॉर्म-अप रेग्युलेटर ठरवतो. कंट्रोल प्रेशर जास्त असेल तर प्लंजर कमी उचलला जातो म्हणजे मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी), कमी असेल तर रिच (पेट्रोल जास्त). बस, एवढंच. अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांना १९८० पासून लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) आणि फ्रीक्वेन्सी व्हॉल्व्ह आहे, तो मिक्श्चर थोडंफार सावरतो, बाकीच्यांना तेही नाही. म्हणजे चुका पकडणारा आणि झाकणारा कॉम्प्युटर मधे नाही. हे मला तरी बरं वाटतं, कारण यात जे बिघडतं ते हाताने मोजता येतं.

यातून सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष असा की प्लेटच्या पुढे कुठूनही हवा आत शिरली तर ती मोजली जात नाही. हवा वाढली, पेट्रोल वाढलं नाही, मिक्श्चर लीन. आयडलला एकूण हवाच कमी असते त्यामुळे बारीकशा फटीतून येणाऱ्या चोरट्या हवेचं प्रमाण तिथे मोठं होतं, आणि आरपीएम वाढले की तीच फट नगण्य होते. म्हणून तीन हजारावर गाडी मस्त ओढते आणि सिग्नलला थांबली की मरायला टेकते. तुमचीही वर नीट ओढते का ते लिहिलं नाहीये, पण उत्तर हो असेल तर आधी हवा शोधायची.

आता फटक्यांबद्दल. इनटेकमधला फटका आणि एक्झॉस्टमधला फटका यांना लोक एकच नाव देतात, पण दोघांची कारणं वेगळी असतात. लीन मिक्श्चर हळू जळतं, इतकं हळू की पुढच्या वेळी इनटेक व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही सिलिंडरमधे आग शिल्लक असते आणि ती मागे इनटेकमधे जाते. प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या असतील किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तरी हेच होतं. एक्झॉस्टमधला फटका म्हणजे न जळलेलं पेट्रोल आणि हवा पाइपमधे एकत्र येऊन तिथे पेटणं. त्याला रिच मिक्श्चर कारण असू शकतं, इग्निशनचा मिसफायर असू शकतो, एक्झॉस्टच्या जॉइंटमधून शिरणारी हवा असू शकते. आणि बरेच जण विसरतात ती गोष्ट म्हणजे मिक्श्चर खूप लीन झालं की ते पेटतच नाही, मग तेही न जळता मागे जातं आणि तिकडे फुटतं. म्हणजे तुमची तिन्ही लक्षणं एकट्या लीन मिक्श्चरमधूनही येऊ शकतात. मी पैज लावणार नाही पण माझा कल तिकडे आहे.

थंडीतला इनटेक फटका हा या गाडीत नुसता त्रासदायक नाही, महागडा आहे. फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि प्लेटच्या युनिटखाली प्लास्टिकचा एअरबॉक्स आहे, त्यातूनच सहा रनर, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्या, निघतात, आणि थंड सुरू करताना जास्तीचं पेट्रोल देणारा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह ते सरळ त्या बॉक्समधे फवारतो. म्हणजे स्टार्टर फिरत असताना हा डबा पेट्रोलच्या वाफेने भरलेला असतो, आणि त्या क्षणी एखाद्या सिलिंडरमधून आग मागे आली की डबा सांध्यातून फुटतो. आधीच्या मालकाने फटक्याचा दाब बाहेर सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय का बघा, एअर फिल्टर काढला की एअरबॉक्सला चिकटवलेली स्प्रिंगची गोल झडप दिसेल. असेल तर उत्तम, पण झडपेचं रबर कडक झालेलं असेल, नीट बसत नसेल, किंवा ज्या इपॉक्सीने चिकटवलंय ती सुटली असेल तर हा सेफ्टी व्हॉल्व्हच तुमचा एअर लीक असतो. फटका आल्यानंतर झडप अर्धवट उघडी राहिलेलीही असते, बोटाने दाबून सोडून बघा. नसेलच बसवलेला, तर हे सगळं निस्तरल्यावर पहिलं काम ते. आणि तोवर सुरू करताना पाय पेडलवर नको, अजिबात नको. कार्ब्युरेटरच्या गाड्यांची सवय असलेले लोक पंप मारत स्टार्टर फिरवतात, एससीत त्याचा फायदा शून्य आणि धोका पूर्ण. दोनतीन प्रयत्नांत सुरू झाली नाही तर थांबा, एअर फिल्टर काढून ठेवा, वाफ निघून जाऊ द्या, मग परत.

तुम्हाला ऑलरेडी फटके आलेत म्हणजे एअरबॉक्स फुटलेला असू शकतो हे गृहीत धरूनच चाला. चीर बहुतेक वेळा वरून दिसत नाही, खालच्या सांध्यात असते. सेन्सर प्लेटही बघून घ्या, फटक्याचा धक्का प्लेटला मागे आपटवतो आणि तिचा स्टॉप वाकतो, मग प्लेट आरामात असताना पाहिजे त्या उंचीवर नसते, किंवा एका बाजूला घासायला लागते. कडेने सगळीकडे सारखी बारीक फट पाहिजे, साधारण दहा-शतांश मिलिमीटर, पातळ फीलर गेज फिरवून कळतं. पंप बंद ठेवून लोहचुंबकाने किंवा पकडीने प्लेट हळू उचला, पूर्ण प्रवासात सारखाच जोर लागला पाहिजे, मधे कुठे अडकता कामा नये. खाली पटकन सोडली की प्लेट मोकळी पडते आणि प्लंजर तिच्या मागून सावकाश येतो, हे नॉर्मल आहे. पण प्लंजर खाली येतच नसेल तर उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकट थर बसलाय असं समजा. पंप चालू असताना प्लेट उचलू नका, सहाही इंजेक्टर इनटेकमधे पेट्रोल ओततील.

आता हवा शोधायची सगळ्यात सोपी टेस्ट, काहीही खर्च नाही. इंजिन गरम करा, आयडलला ठेवा, आणि ऑइल भरायचं झाकण उघडा. ९११ ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल वेगळ्या टँकमधे असतं, आणि त्या टँकचा ब्रीदर इनटेकला जोडलेला असतो, त्यामुळे झाकण उघडणं म्हणजे मुद्दाम मोठा एअर लीक तयार करणं. धडधाकट इंजिन लगेच अडखळायला पाहिजे, बंद पडायला टेकलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर आधीच कुठूनतरी भरपूर हवा शिरतेय. आणि झाकण उघडल्यावर आयडल उलट सुधारलं, गुळगुळीत झालं, तर मिक्श्चर रिच आहे आणि सगळी शोधाशोध दुसऱ्या दिशेला न्यायची. ही दुसरी शक्यता लोक सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय. त्या झाकणाचं सील आणि ऑइल टँकचे होज हेसुद्धा इनटेकचाच भाग आहेत हे लक्षात ठेवा, फाटलेलं झाकणाचं गॅस्केट लावून लोक महिनोन्महिने इंजेक्टर बदलत बसतात.

टेस्टने लीक आहे असं सांगितलं तर जागा शोधायला स्मोक मशीनसारखं काही नाही. एअर इनटेकची बाजू नीट बंद करा, एखाद्या व्हॅक्यूम नळीतून अगदी कमी दाबाने धूर सोडा, जोरात हवा मारली तर चांगले सील पण हरतील, आणि टॉर्च घेऊन शांतपणे बघत बसा. एक्झॉस्टमधून थोडा धूर आला तर घाबरू नका, एखादा सिलिंडर ओव्हरलॅपवर, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना, थांबलेला असेल, क्रँक थोडा फिरवून परत बघा. उभी राहिलेली गाडी म्हणजे रबर कडक झालेलं, त्यामुळे माझा क्रम असा असतो: आधी इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि ज्या स्लीव्हमधे इंजेक्टर बसतात त्या स्लीव्ह, इंजेक्टर बोटाने फिरवून बघा, सैल गोल फिरत असेल तर ओ-रिंग गेलीच. मग रनरवरचे रबरी जोड आणि त्यांचे क्लॅम्प. मग ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह, डिसेलरेशन व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावर थोडी हवा आत सोडणारा), ब्रेक बूस्टर यांच्या नळ्या, ज्या वरून बऱ्या दिसतात आणि खालच्या बाजूने वाकवल्या की तडे उघडतात. कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हचं गॅस्केट, थ्रॉटलचा शाफ्ट, हेडवरचे इनटेक गॅस्केट. आणि एअरबॉक्स स्वतः, तो सगळ्यात त्रासाचा म्हणून मी शेवटी लिहिला, पण फटके आलेल्या गाडीत त्याला पहिल्या रांगेत धरा.

चालू इंजिनवर ब्रेक क्लीनर किंवा कार्ब क्लीनर मारून आरपीएम बदलतात का बघणारे खूप आहेत. ते मी या गाडीवर करत नाही. मागे इंजिन, खाली तापलेले हीट एक्सचेंजर (केबिन गरम करायला एक्झॉस्टभोवती बसवलेले), आणि क्लोरीनवाला क्लीनर तापलेल्या धातूवर पडला की विषारी वायू तयार होतो. स्मोक मशीन मिळत नसेल तर तेवढ्या कामापुरती गाडी कुणाकडेतरी न्या.

ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्हबद्दल दोन ओळी. थंडीत तो उघडा असतो आणि जास्तीची हवा देऊन आयडल वर ठेवतो, आत बायमेटल आहे, त्याला करंट मिळाला की काही मिनिटांत बंद होतो. ही हवा प्लेटने मोजलेली असते, त्यामुळे तो उघडा अडकला तर मिक्श्चर लीन होत नाही, फक्त आयडल वर राहतं. गरम इंजिनवर त्याची नळी चिमट्याने दाबा, आरपीएम लक्षणीय पडले तर तो बंद होत नाहीये, कनेक्टरला करंट येतोय का बघा. डिसेलरेशन व्हॉल्व्हचीही तशीच नळी दाबून बघायची. हे दोन्ही पाच मिनिटांचं काम आहे आणि तुमच्या ६०० ते ११०० च्या खेळात त्यांचा हात असू शकतो.

हवेचा हिशोब लागला की प्रेशर. हे गेज नसताना के-जेट्रॉनिकवर बोलणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. व्हॉल्व्हवालं गेज मिळतं, ते फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्यामधल्या लाइनमधे लावायचं, गेज डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला आणि व्हॉल्व्ह रेग्युलेटरच्या बाजूला. इंजिन बंद ठेवून पंप चालवायला रिलेच्या जागी जंपर लावावा लागतो, कोणते टर्मिनल ते वर्कशॉप मॅन्युअलमधे बघूनच करा, अंदाजाने नको. हातात फायर एक्स्टिंग्विशर असू द्या, आणि तुमच्या गाडीच्या पेट्रोल नळ्या मूळच्या असतील तर आधी त्या बदला मग गेज लावा, हे मी अतिशय गंभीरपणे सांगतोय.

व्हॉल्व्ह बंद केला की सिस्टम प्रेशर दिसतं, साडेचार ते सव्वापाच बारच्या दरम्यान पाहिजे. कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा डिस्ट्रिब्युटरमधला प्रेशर रेग्युलेटर. मग व्हॉल्व्ह उघडा, रेग्युलेटरचा कनेक्टर काढून ठेवा, हे झालं कोल्ड कंट्रोल प्रेशर. ते बाहेरच्या तापमानावर अवलंबून असतं, वीस अंशाच्या आसपास ढोबळ मानाने दीड-दोन बार, पण नक्की रेंज मॅन्युअलमधल्या आलेखातून घ्या, आणि रेग्युलेटरच्या अंगावर कोरलेल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे आलेखाशी जुळतायत का बघा, कारण आधीच्या कुणीतरी दुसऱ्याच मॉडेलचा रेग्युलेटर ठोकून दिलेला असणं अजिबात दुर्मिळ नाही. मग कनेक्टर लावा, हीटरला करंट मिळू द्या, प्रेशर हळूहळू वर चढत जाऊन साधारण ३.४ ते ३.८ बारला स्थिर झालं पाहिजे. ही टेस्ट इंजिन रात्रभर थंड राहिल्यावरच खरी, म्हणजे दिवसाला एकच संधी, त्यामुळे गेज आदल्या दिवशी लावून ठेवा.

या आकड्यांवरून तुमची केस उलगडेल. कोल्ड प्रेशर जास्त आलं, समजा आलेखापेक्षा अर्धा-पाऊण बार वर, तर थंड इंजिनला जे जास्तीचं पेट्रोल पाहिजे ते मिळत नाहीये, मिक्श्चर लीन, आणि सकाळचा इनटेक फटका तिथून येतो. उभ्या गाडीत हे सर्रास होतं, रेग्युलेटरच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते ती गंजाने, गाळाने भरते, आतला डायफ्रॅम चिकटतो, किंवा पुढची रिटर्न लाइन चोंदते. उलट वॉर्म प्रेशर वर चढतच नसेल, दोन बारलाच रेंगाळत असेल, तर गरम इंजिन रिच चालतं, प्लग काळे, एक्झॉस्टचा वास, आयडल गुदमरल्यासारखं. तेव्हा रेग्युलेटरला शिव्या द्यायच्या आधी कनेक्टरला बारा व्होल्ट येतायत का मोजा आणि हीटरच्या कॉइलचा रेझिस्टन्स बघा, वायर तुटलेली असते आणि बिचारा रेग्युलेटर बदलला जातो. दोन्ही प्रेशर बरोबर आली तर रेग्युलेटर चांगला आहे, विषय संपला, तो मागवायचे पैसे वाचले.

शेवटी पंप बंद करा आणि गेजकडे बघत बसा. प्रेशर थोडं पडून थांबलं पाहिजे आणि वीसेक मिनिटांनी पण एक बारच्या वर राहिलं पाहिजे. झपाट्याने शून्याकडे गेलं तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, ॲक्युम्युलेटर (पंप बंद झाल्यावर प्रेशर धरून ठेवणारा), गळणारा इंजेक्टर, किंवा टिपटिपणारा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह यातलं काहीतरी. शेवटचा प्रकार तुमच्यासाठी महत्त्वाचा, कारण कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह बंद असतानाही गळत असेल तर एअरबॉक्समधे पेट्रोल साठतं, गरम आयडल रिच होतं आणि पुढच्या स्टार्टला डबा फुटायची पूर्ण तयारी. तो काढून, पंप चालवून, तोंड पुसून बघा, कोरडाच राहिला पाहिजे.

इंजेक्टरचं तुम्ही विचारलंच आहे. मागवायच्या आधी सहाही काढा, नळ्यांसकट, एकसारख्या सहा काचेच्या बाटल्यांत सोडा, पंप चालू करून प्लेट थोडी उचला. इंजेक्टर बाहेर असताना पंप चालू ठेवून प्लेट उचलायला हरकत नाही. फवारा शंकूसारखा बारीक यायला पाहिजे, धार नको, आणि बाटल्यांतल्या पातळ्या जवळपास सारख्या. एखादी कमी भरली तर त्या दोन इंजेक्टरची अदलाबदल करून परत बघा. कमतरता इंजेक्टरबरोबर गेली तर इंजेक्टर खराब, त्याच लाइनला राहिली तर फ्युएल डिस्ट्रिब्युटर. ही एवढी अदलाबदल न करता पूर्ण सेट बदलणारे लोक बघितले की वाईट वाटतं. उघड्यावर करा, जवळपास ठिणगी नको, आणि परत बसवताना ओ-रिंग नव्या.

इग्निशनकडे येतो. तुम्ही कॅप आणि वायरी नुकत्याच हाताळल्यात आणि फटके त्यानंतर दिसले असतील तर सगळ्यात आधी, अगदी हवेच्याही आधी, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तपासा. १-६-२-४-३-५. डावीकडे १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६, दोन्ही बाजूंना पुलीकडून फ्लायव्हीलकडे मोजायचं, उलट मोजायची चूक होते, एक नंबर डावीकडचा आणि पुलीजवळचा. दोन वायरी अदलाबदल झाल्या तरी सहा सिलिंडरचं इंजिन थरथरत का होईना चालतं, म्हणून फसायला होतं. प्लग कनेक्टरना तडे जातात, प्रत्येकाचा रेझिस्टन्स तीन किलोओहमच्या आसपास पाहिजे. अंधारात इंजिन चालू करून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा, निळ्या ठिणग्या उड्या मारताना दिसल्या तर शोध संपला.

डिस्ट्रिब्युटरमधून सीडीआय बॉक्सकडे (इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) जाणारी हिरवी वायर नीट बघा. आतल्या इन्सुलेशनचा चुरा झालेला असतो, थंड असताना चालते आणि तापली की सिग्नल तुटक होतो, मग मधेच मिसफायर, मधेच टॅकोमीटरचा काटा उडी मारतो. काटा उडताना दिसला तर पेट्रोल सिस्टम बाजूला ठेवून हिच्या मागे लागा. डिस्ट्रिब्युटरचे ॲडव्हान्सचे वजन सुकून चिकटलेले असतात, रोटर हाताने फिरवून सोडला की स्प्रिंगने परत आला पाहिजे. टायमिंग आयडलला साधारण ५ अंश बीटीडीसी (पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी), तुमच्या गाडीच्या स्टिकरशी ताडून. एक सूचना, चालू इंजिनवर वायर उपसून कुठला सिलिंडर मेलाय ते बघू नका, सीडीआयच्या प्रायमरीलाच काहीशे व्होल्ट असतात, तुम्हालाही झटका आणि बॉक्सही जाऊ शकतो. त्याऐवजी थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात खालून प्रत्येक एक्झॉस्ट पोर्टजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरा, जो थंड तो काम करत नाहीये.

मेकॅनिकल गोष्टी भराभर. व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनवर ०.१० मिमी, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही, घट्ट झालेला इनटेक व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि बाकी सगळं बरोबर असूनही इनटेकमधे फटका येतो. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणारी) करून घ्या. आणि व्हॉल्व्ह कव्हर उघडलेलेच आहेत तर हेड धरून ठेवणारे खालच्या बाजूचे स्टड बघा, एससीचे एक्झॉस्ट बाजूचे डिलावार (खास मिश्रधातूचे) स्टड तुटण्यासाठी प्रसिद्ध आहेत, कव्हरच्या आत तुटका तुकडा नटसकट पडलेला मिळतो. तसं असेल तर हे वाचणं थांबवा, आधी ते काम.

ॲक्सिलरेटर सोडल्यावरची फटफट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण वरचं सगळं ठीक झालं की ती बहुतेक वेळा आपोआप निम्म्यावर येते. उरली तर हीट एक्सचेंजर आणि सायलेन्सरचे गॅस्केट बघा, थंड इंजिन सुरू असताना जोडाजवळ काजळीचे काळे डाग आणि टिकटिक आवाज. लॅम्डावाली गाडी असेल तर तिथून शिरणारी हवा सेन्सरलाही फसवते, तो लीन समजून पेट्रोल वाढवतो आणि फटफट अजून वाढते. डिसेलरेशन व्हॉल्व्ह काम करत नसेल तरीही होतं. अगदी बारीक गुरगुर उरली तर सोडून द्या, या इंजिनाची ती सवय आहे.

आता कुठे तो स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, व्हॉल्व्ह, टायमिंग, लीक, प्रेशर सगळं झालेलं, लॅम्डा असेल तर सेन्सरचा कनेक्टर काढलेला, एक्झॉस्टमधे सीओ मीटर. ३ मिमीची लांब ॲलन की, घड्याळाच्या दिशेने रिच, उलट लीन. खाली दाबू नका, दाबलं की प्लेटचा लिव्हर हलतो. जराशी फिरवा, की बाहेर काढा, थोडा रेव्ह द्या, आयडल स्थिर होऊ द्या, मग मीटर वाचा. की आत असताना रेव्ह दिलात तर लिव्हर वाकू शकतो, म्हणून की काढणं हा नियम. सीओचा आकडा तुमच्या मार्केटच्या स्टिकरवर आहे, तोच घ्या. मग थ्रॉटल बॉडीवरच्या एअर स्क्रूने आयडल ९०० च्या आसपास आणा, त्याने सीओ थोडा हलतो, परत की, परत एअर स्क्रू, दोनतीन फेऱ्यांत दोन्ही जुळतात. जुळलेच नाहीत, स्क्रू टोकापर्यंत नेऊनही सीओ जागेवर येत नसेल, तर कुठेतरी हवा अजून शिरतेय, परत झाकणाच्या टेस्टपासून.

जाता जाता, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. ३.२ कॅरेरा, म्हणजे १९८४ पासूनची, हिला मोट्रॉनिक ही कॉम्प्युटरवाली सिस्टम आहे, तिथे वरचं प्रेशर प्रकरण लागू नाही, तिथे डीएमई (त्या कॉम्प्युटरचा) रिले, सिलिंडर हेड टेम्परेचर सेन्सर आणि रेफरन्स सेन्सरपासून सुरू करा. हवेचे लीक मात्र तिथेही तसेच.

तुम्ही मला पुढच्या वेळी एवढं सांगा: तीन हजारावर नीट ओढते का, झाकण उघडल्यावर आयडल पडलं की सुधारलं, रेग्युलेटरवरचे शेवटचे तीन आकडे, आणि सिस्टम, कोल्ड, वॉर्म ही तीन प्रेशर, कोल्डच्या वेळचं हवेचं तापमान धरून. लॅम्डा आहे की नाही तेही.